सुडिगाली

खोक्यावर स्टेन्सिल धरून मी काळी शाई मारतो:
एडमंटन.
आत चारशे नॅपकिन, पांढरे, कडेला निळी पट्टी,
कुठल्यातरी हॉटेलातल्या ओल्या हातांसाठी.

इरण्णाच्या पोराने मोबाइलवर ते गाव काढलं.
म्हणाला, अंजय्यामामा, इथं वावटळ आलती,
सत्तावीस माणसं मेली.
सत्त्याऐंशी साल, एकतीस जुलै, शुक्रवार.
मी म्हणालो, वावटळीत माणूस मरतो काय बे?
वावटळ म्हणजे होम मैदानावरचा पाचोळा,
गड्डा उठून गेल्यावर उरलेले चहाचे कप,
गोल गोल.

आई तिला सुडिगाली म्हणायची.
तेलुगूत ती बाई वाटते, मराठीत भूत.
एप्रिलमध्ये रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातल्या
की रिकाम्या प्लॉटांवरून यायची,
आणि आई पायातली चप्पल काढून
नेम धरून तिच्या पोटात फेकायची.
एकदा एक हिरवी लड घेऊन गेली.
तीन दिवसांनी दिसली, कन्ना चौकात, विजेच्या तारेवर.
पुढे कावळ्यांनी थोडी थोडी करून नेली.
मालकाने आईचे साडेचार रुपये कापले.
आमच्याकडच्या इतिहासात एवढीच नोंद.

त्यांचा इतिहास मोठा.
रिजायना, एकोणीसशे बारा, जूनचा शेवटचा रविवार,
दुसऱ्या दिवशी देशाचा सण, पताका लावून झालेल्या,
उकाडा असा की आपल्याकडचा वाटावा.
अठ्ठावीस माणसं.
पताकांचं काय झालं ते कुठेच लिहिलेलं नाही.

आणि तिकडे वावटळीला नंबर असतो.
मला वाटलं, वारा मोजत असतील.
पण वारा कोण मोजणार? वारा निघून जातो,
मग माणसं येतात, वही घेऊन,
कुठली भिंत पडली, कुणाचं छत कुणाच्या शेतात,
मोडतोड बघून नंबर देतात.

आमची गिरणी बंद झाली तेव्हा
एकही भिंत पडली नव्हती.
भोंगासुद्धा जागेवर होता.

एली म्हणून एक गाव आहे. बारकं.
दोन हजार सात. अख्खं घर वर उचललं
आणि हवेतच फोडलं.
आधी चार नंबर दिला.
मग कुणीतरी बसून व्हिडिओ परत परत बघितला,
तीन महिन्यांनी पाच केला. पाचाच्या पुढे नंबर नाही.
मेलं कोण? कोणीच नाही.
हे मी पोराला दोनदा वाचायला लावलं.

वाचलेली माणसं म्हणतात, मालगाडीसारखा आवाज आला.
म्हणोत. ती कधी
चोवीस मागांच्या शेडमध्ये उभी राहिलेली नाहीत.
माझा डावा कान तिथेच राहिला.

पोराने वेळेचा हिशेब घातला.
तिकडे दुपारचे तीन, म्हणजे इकडे रात्रीचे अडीच,
शनिवार लागलेला. मी रात्रपाळीला.
चौथ्या मागाचा ताणा तुटत होता सारखा.
समोरून इरण्णा दोन बोटं ओठांना लावून
चहाची खूण करत होता,
आणि लाइट गेली.
माग थांबले की जी शांतता पडते
ती कानात नाही, छातीत पडते.
अंधारात कुणीतरी उगाच हसलं.
असं मला आठवतं.
खरं म्हणजे लाइट रोजच जायची.

खोकं बंद करायच्या आधी
मी एक नॅपकिन जास्तीचा ठेवला.
चारशे एक.
मोजणीत सापडला तर पगारातून कापतील,
साडेचारपेक्षा जास्तच.
इरण्णाने बघितलं. त्यालाही आता कमीच ऐकू येतं.
हात हलवून विचारलं, काय?
शेड सुटून किती वर्षं झाली,
तरी बोटं आपोआप वळली:
धागा तुटलाय, थांब,
गाठ मारतोय.